धाब्यावर बसवलेली गोष्ट

सादर नमस्कार ताई,

माझं वय 43. बडोद्याच्या वेशीबाहेर एका रासायनिक कारखान्यात पाळीवर आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी, की परत पहिली. राहायला मांजलपूरला. घरी आई, बायको (ती शाळेत शिकवते) आणि दोन मुलं. कथा लिहायची हौस कॉलेजपासूनची, पण वेळ मिळत नाही, आणि मिळालाच तर उत्साह नसतो. पहाटे पाचला उठून लिहा, असं एका व्हिडिओत ऐकलं. चार दिवस उठलो, पाचव्या दिवशी कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोर डोळा लागता लागता वाचला. रोज पाचशे शब्द लिहिणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपात होतो, आठव्या दिवशी बाहेर पडलो. कपाटात अकरा कथांच्या सुरुवाती आहेत, शेवट एकीलाही नाही. गंमत म्हणजे कंपनीच्या बसमध्ये मी किस्से सांगतो तेव्हा लोक आपापला स्टॉप विसरतात. तेच कागदावर उतरलं की मरतं.

तीन वर्षांपूर्वी एक कथा जवळजवळ होत आली होती. मामी गेल्यानंतरच्या पहिल्या उत्तरायणाला मामा एकटेच धाब्यावर जातात आणि फिरकी धरायला कुणी नसतं, अशी. पुण्याचे एक नातेवाईक आले होते, त्यांचं वाचन दांडगं, म्हणून त्यांना दिली. पहिल्याच पानावर त्यांनी विचारलं, "धाब्यावर पतंग उडवतात? हायवेवरच्या?" सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर कामच वाढलं आणि कथा राहून गेली. मधे एकदा तिचं पहिलं पान सुधारून लिहिलं. जुनं आणि नवं, दोन्ही पानं जोडतोय. वेळ कसा काढू आणि उत्साह कसा टिकवू, एवढं सांगा.

पाळीवाला, मांजलपूर


प्रिय पाळीवाले,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, हा सरळ वेळापत्रकाचा मामला आहे. तीन पाळ्यांचा तक्ता मांडू, एखादा मोकळा कोपरा सापडेल, तो दाखवून देऊ. दुसऱ्या वाचनात 'त्यानंतर कामच वाढलं' या तीन शब्दांपाशी अडले. असं कुठलं काम वाढलं हो? पाळ्या तेव्हाही तीनच होत्या. मुलं तर तेव्हा आणखी लहान, म्हणजे जास्त व्यापाची. आणि त्याच पाळ्यांत, त्याच घरात तुम्ही एक कथा शेवटाच्या तोंडाशी आणली होती. वेळ होता की तुमच्याकडे. पुण्याचे पाहुणे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ तोही गेला.

रागावू नका. हे मी स्वतःवरून बोलतेय. एका सरकारी कचेरीत मी हिशेबाच्या टेबलावर तीस वर्षं काढली. तिशीत माझ्या तीन-चार कथा छापून आल्या होत्या. मग एका संपादकांनी एक कथा परत पाठवली. वर लाल शाईत शेरा होता, 'आधी तुमच्या पात्रांना मराठी शिकवा.' मला ते लागलं, हे मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. सगळ्यांना सांगत राहिले की वेळ नाही. सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी, कचेरीतला मार्चअखेर. एकही कारण खोटं नव्हतं. मग निवृत्त झाले. सासूबाई तोवर गेल्या होत्या, मुलगी सुरतेला सासरी, मार्चअखेर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर. उठल्यापासून निजेपर्यंत सगळा दिवस माझा. आणि चौदा महिने मी एक ओळ लिहिली नाही! बरण्यांना लेबलं लावली, गाद्या पिंजून घेतल्या, माळा दोनदा आवरला. दुसऱ्यांदा आवरताना ते परत आलेलं हस्तलिखित हाताला लागलं. शेरा वाचला आणि इतक्या वर्षांनी माझे कान तापले. जन्म गेला खतावण्या तपासण्यात, आणि स्वतःच्या खात्यातली चूक कुठल्या रकान्यात आहे हे सापडायला मला एवढा काळ लागला.

म्हणून तुमच्या प्रश्नाची उत्तरं मी उलट्या क्रमानं देणार आहे. वेळेचं सांगेनच, ते सोपं आहे. आधी त्या पाहुण्यांना तुमच्या टेबलावरून उठवू.

ही भीती आपल्या बडोदेकरांच्या घरात पिढीजात आहे, तेव्हा थोडं लांबण लावते. मी लहान असताना वडील मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून 1910 साली सुरू केलेली ही संस्था. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. वडिलांच्या ओळखीनं आत जायला मिळे. त्या काचेवर पाय ठेवताना मला वाटे, आपण आता खाली जाणार, आणि मी वडिलांच्या धोतराचा सोगा घट्ट धरून ठेवी. तिथून आणलेली मराठी पुस्तकं मी अधाशासारखी वाचली. त्यांतल्या एकाही पुस्तकात माझ्या आजीसारखं बोलणारं कुणी नव्हतं. आजी भाजीला शाक म्हणायची, वहीला चोपडी म्हणायची, झोपाळ्याला हिंचका. मी निष्कर्ष काढला की चूक आजीची. आठ वर्षांच्या मुलीनं काढलेला निष्कर्ष साठीपर्यंत कुणी तपासला नाही.

वास्तविक 1909, 1921, 1934 आणि मग थेट 2018, असं चार वेळा मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं. तरी आपली समजूत अशी की मराठी राहते पुण्यात, आणि आपल्याकडे सुटीपुरती येते. पाहुणी यायची म्हणून आपण चादरी बदलतो, तशी लिहायला बसताना भाषा बदलतो. आणि हे भांडण काही तुमच्या-माझ्यापासून सुरू झालेलं नाही. माधव जूलियन याच बडोद्यात 1894 साली जन्मले. फार्सी-मराठी कोश त्यांनीच केला, मराठीत गझल त्यांनी रुजवली, आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. एका माणसाच्या एका आयुष्यात जे मिटलं नाही ते तुमच्या पहिल्या पानावर मिटवायची गरज नाही.

आता तुमचा तो शब्द. धाबं म्हणजे गच्ची, पण शब्द गुजराती, आपण गावंढळ ठरलो, असं वाटून तुम्ही शरमलात ना? खानदेशात नि वऱ्हाडात जाऊन बघा, जुन्या गावांतून धाब्याची घरं अजून उभी आहेत. वर मातीचं सपाट छप्पर, त्यावर मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात माणसं निजतात. मराठवाड्यात त्यालाच माळवद म्हणतात. गुजरातीत आहे तसा तो शब्द मराठीतही आहे, चांगला जुना आहे. आणि तुमचे पुण्याचे नातेवाईक महिन्यातून दोनदा तरी म्हणत असतील, 'अमक्यांनी सगळे नियम धाब्यावर बसवले.' तेव्हा ते नियमांना हायवेवर दाल-फ्राय खायला बसवत नाहीत. त्या दिवशी हसायची पाळी खरं तर तुमची होती, ती तुमचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, न येताच सोडून आलात.

पण त्यांची बाजूही ऐकून घ्या. वाचक त्या जागी अडला, ही बातमी खरी आहे. आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांना धाबा म्हटलं की आधी हायवेच दिसणार. अशा वेळी शब्द काढून टाकायचा नसतो, त्याला शेजार चांगला द्यायचा असतो. तुमच्या जुन्या पानात मामा एकदम 'धाब्यावर निघाले' असं आहे. मधे एक जिना घाला. पाण्याची टाकी घाला, तिच्या सावलीत ठेवलेला चिक्कीचा डबा घाला, शेजारच्या धाब्यावरून 'काइपो छे' ओरडणारी पोरं घाला. मग धाबं म्हणजे काय हे पुण्यालाच काय, पणजीलाही कळेल, आणि कंसात अर्थ द्यावा लागणार नाही. माझा स्वतःचा नेम असा आहे: माणसं बोलतात तिथे त्यांचा एकही शब्द बदलायचा नाही, आणि निवेदनात वाचक दोनदा अडेल अशी जागा ठेवायची नाही. दुसऱ्यांचा वेगळा असेल.

तुम्ही जोडलेली दोन पानं मी शेजारी शेजारी ठेवली. जुनं पान असं आहे: 'मामांनी उंधियूची वाटी तशीच सरकवली, फिरकी बगलेत मारली आणि धाब्यावर निघाले. आई म्हणाली, दादा, एकटाच?' आणि सुधारलेलं पान: 'मकरसंक्रमणाच्या त्या मंगल प्रभाती सहस्ररश्मीची सुवर्णकिरणे आसमंतात विखुरली असता वसंतराव एकाकी अंतःकरणाने सौधावर आरूढ झाले.'

अहो, सौधावर आरूढ झालेल्या माणसाला फिरकी धरायला कुणी कशाला हवं? त्याला चवऱ्या ढाळणारे लागतील. मी मोठ्यानं हसले, तुमची क्षमा मागून. तुम्हाला वाटतं कागदावर आलं की तुमची गोष्ट मरते. नाही मरत. जुन्या पानात ती ठणठणीत आहे. तुम्ही तिला शेला पांघरून, हार घालून फोटोत बसवलीत ती नंतर. तुमच्या त्या अकरा सुरुवाती मी पाहिलेल्या नाहीत, पण पैज लावते, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त सूर्यापासून, पावसापासून नाहीतर ऋतूपासून सुरू होत असतील. काढून बघा. हरले तर जगदीशची भाकरवडी माझ्याकडून.

बसमध्ये तुम्ही असं करता का? 'आज प्रातःकाली' असं म्हणालात तर लोक दुसऱ्या मिनिटाला इअरफोन लावतील. तिथे तुम्ही मधूनच सुरू करता, 'अरे आमच्या मामानं काल काय केलं' असं. समोरच्याच्या तोंडाकडे बघत सांगता, कंटाळला दिसला की दोन पायऱ्या गाळता. ही अक्कल तुम्हाला आहे आणि ती शिकवून येत नाही. मात्र एक गोष्ट खरी, बसमध्ये तुमच्याकडे हात असतात, डोळे असतात, आवाज असतो. 'मामा असे बघत राहिले' म्हणता म्हणता तुम्ही तसं बघून दाखवता. कागदावर त्या 'असे'ला काहीच अर्थ नाही. नवखे लोक तिथे विशेषणं भरतात, खिन्न, विमनस्क, उदास, आणि मग तुम्हाला वाटतं गोष्ट मेली. तिथे मामांनी हातानं काय केलं ते लिहायचं. फिरकी कठड्यावर ठेवली. ती गडगडली. उचलली, परत ठेवली, या वेळी विटेचा तुकडा लावून. एवढंच. मामा किती एकटे आहेत हे तो विटेचा तुकडा सांगतो.

काही जण सुचवतील की बसमधलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून उतरवून घ्या. एकदा करून बघायला हरकत नाही, आपण सुरुवात कुठून करतो आणि कुठे वेग घेतो हे कळतं. पण जसंच्या तसं उतरवू नका. हात-डोळे गाळून उरलेलं ते बोलणं असतं, कथा नसते. त्यापेक्षा असं करा. बसमधल्या ज्या एका माणसाचा स्टॉप सगळ्यांत जास्त वेळा चुकतो, त्याला समोरच्या खुर्चीत बसवा, मनातल्या मनात. पुण्याचे पाहुणे बसले होते त्याच खुर्चीत. तो गुजराती असला तरी बिघडत नाही. त्याला ऐकायचं असतं, एवढी पात्रता पुरे.

मी कशी सुटले ते थोडक्यात सांगते. छापायचं नाही असं ठरवून आजीचं एक भांडण लिहिलं, आमच्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, नळावरचं, आजी जशी बोलायची तसं. शेजारणीला वाचून दाखवलं. ती हसायच्या जागी हसली, आणि एका जागी, जिथे मला काही विशेष वाटलं नव्हतं, तिथे गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी सकाळी आपोआप टेबलापाशी होते. उत्साह म्हणतात तो मला तरी असा, लिहून झाल्यावर भेटला. आधी येऊन दारात उभा राहिलेला कधी पाहिला नाही.

आता वेळ. आमच्या घरी सव्वीस वर्षं पाळी होती. हे एका मोठ्या कारखान्यात होते. दिवसा निजलेल्या माणसाचं घर कसं असतं ते मला माहीत आहे. जाड पडदे, दाराबाहेर 'बेल वाजवू नये'ची चिठ्ठी, दबक्या आवाजात भांडणारी मुलं. 'रोज एकाच वेळेला लिहायला बसा' हा सल्ला ज्यांनी काढला त्यांच्या घरात रात्रपाळी नसणार. तुमचा दिवस चोवीस तासांचा धरूच नका. तुमचा दिवस तीन आठवड्यांचा आहे.

रात्रपाळीचा आठवडा शून्य. लिहायचं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून हळहळायचंही नाही. त्या आठवड्यात तुमच्यावर झोपेचं देणं असतं आणि ते पहिलं फेडायचं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही चारच्या सुमाराला घरी येत असाल. संध्याकाळ मुलांची, बाजाराची, आईच्या डॉक्टरची. तिथेही लिखाण कोंबू नका, निजण्याआधी दहा पानं वाचा, पुरे. तुमचा आठवडा दुसऱ्या पाळीचा. रात्री अकराला सुटून बाराच्या आसपास घरी, सकाळी आठला जाग. बायको आणि मुलं शाळेत. बस दुपारी. सकाळी सव्वानऊ ते दहा, सोमवार ते शनिवार, एवढं तुमचं.

हसू नका, हिशेब बघा. सहा दिवस, रोज पाऊण तास, म्हणजे साडेचार तास. खोडत, थांबत लिहिताना माझे तासाला तीनशे शब्द होतात. तुमचेही तेवढेच धरू, तेराशे-साडेतेराशे झाले. दोन फेऱ्यांत एका कथेचा कच्चा खर्डा, तिसऱ्या फेरीत तो झाडूनपुसून. नऊ आठवड्यांना एक कथा. वर्षाच्या बावन्न आठवड्यांतून लग्नं, तापसर्दी, दिवाळी आणि तुमच्या प्लँटचं शटडाउन वजा करा, तरी चार होतात. तीन वर्षांत बारा. तुमच्या कपाटातल्या सुरुवातींपेक्षा एक जास्तच.

अडचण एकच. दोन आठवडे मधे गेले की कथा थंड पडते. परत बसावं तर आपण कुठे होतो तेच आठवत नाही, आणि मग मागचं सगळं वाचत, दुरुस्त करत पाऊण तास संपतो. सुरुवाती अकरा आणि शेवट शून्य, याचं अर्धं कारण इथे आहे. यावरचा इलाज तुम्ही रोज कारखान्यात वापरता.

पाळी संपताना लॉगबुकात काय लिहिता? ह्यांच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ आहे. कुठला पंप चालू, कुठला दुरुस्तीला काढला, कुठल्या टाकीची पातळी चढतेय, पुढच्यानं कशावर नजर ठेवायची. ते लिहायला उत्साह लागतो का? आज मूड नाही म्हणून कुणी नोंद कोरी ठेवतं का? रिलीव्हर येणार असतो, त्याला काही माहीत नसतं, म्हणून लिहावं लागतं. तुमच्या कथेचा रिलीव्हर तुम्हीच आहात, दोन आठवड्यांनंतरचे, अर्धवट झोपेतले, सगळं विसरलेले. त्याच्यासाठी पाऊण तासातली शेवटची पाच मिनिटं राखा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहा: 'मामा धाब्यावर आहेत. दोरी बांधून झाली. शेजारचा मुलगा फिरकी धरू का विचारतो, मामा नको म्हणतात. का नको म्हणतात ते अजून वाचकाला सांगितलेलं नाही, सांगायचंही नाही. आता वारा पडतो.' बस. दोन आठवड्यांनी हे चार ओळींचं टिपण वाचलंत की मागची पानं उघडायचीसुद्धा गरज नाही, सरळ वारा पाडायचा.

आणि टाकी रिकामी करून उठू नका. पंप कोरडा फिरला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढचं वाक्य माहीत असताना उठायचं. ते लिहून टाकायचा मोह होतो, मलाही होतो, पण ते उद्याच्या सुरुवातीला लागतं.

ड्यूटीवर मात्र लिहायचं नाही. रात्री तीनला प्लँट शांत असतो आणि ओळी सुचतात, हे यांनीही सांगितलंय. खिशात चिठ्ठी ठेवा, दोन शब्द खरडा, आणि नजर परत पॅनलवर. तुमच्या पत्रातल्या पाचव्या दिवसाच्या त्या डुलकीनं मला जेवढी धास्ती वाटली, तेवढी तुमच्या अकरा सुरुवातींची वाटली नाही.

बाकी बारीकसारीक. वही साधी घ्या, चौकडी-रेघांची, शाळेची. भारी डायरीत माणूस सौधावर आरूढ होतो. दिवसा ज्या पलंगावर झोपता तिथे लिहू नका. फोन आईकडे द्या. कुणाचा आला तर त्या म्हणतील, "तो लिहितोय, दहानंतर कर." घरात दुसऱ्याच्या तोंडून हे वाक्य चार वेळा उच्चारलं गेलं की ते खरं होतं, आपण स्वतः म्हणून होत नाही. बँक, गॅस, लाइटबिल, सगळं दहानंतर. आणि तुमच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळचा तसाच पाऊण तास बायकोला द्या, ती त्यात काय करते हे न विचारता. शाळेतून आल्यावर वह्या तपासणाऱ्या बाईलाही काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं.

अकरा सुरुवाती एका पिशवीत घालून माळ्यावर. आधी मामा. जुन्या पानापासून, आईच्या 'दादा, एकटाच?' पासून. होईपर्यंत कुणालाही वाचायला देऊ नका. झाली की बसमध्ये घेऊन जा आणि या वेळी सांगू नका, कागद हातात धरून वाचा. लोक कुठे मोबाइल काढतात तिथे पेन्सिलीनं खूण करा. तिसऱ्या फेरीत काम त्या खुणांवर करायचं, बाकी हात लावायचा नाही. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी पाठवा, गणपतीत पाठवून उपयोग नसतो. छापून आली तर एक प्रत पुण्याला, स्पीड पोस्टानं.

एक विचारायचं राहिलं. जुन्या पानावर तुमची आई विचारते, 'एकटाच?' मामा उत्तर देत नाहीत, फिरकी घेऊन दाराबाहेर पडतात. पुढची पानं तुम्ही जोडलेली नाहीत, आणि पत्रातही नुसतं 'फिरकी धरायला कुणी नसतं' म्हणून सोडून दिलंय. पण विटेच्या तुकड्यावर ठेवलेली फिरकी ढील द्यायला लागल्यावर टिकत नाही, ती कुणीतरी धरावीच लागते. आमच्या घरी वडिलांची फिरकी आई धरायची, स्वयंपाक अर्धा टाकून, पिठाच्या हातांनी. तुमच्या मामांची शेवटी कुणी धरली?